अळिवाचा अंबाडा

अंड्याला मी जन्मात कधी हात लावला नव्हता. तो लावला शॅननमध्ये, सत्तरी ओलांडल्यावर, नातीपायी. आणि तोही निळे रबरी हातमोजे घालून, तोंडाला मास्क बांधून. करोनासाठी आणलेलं मोज्यांचं खोकं असं कामी येईल, असं माझ्या मुलालाही वाटलं नसेल.

आधी घरातली माणसं सांगते. मी प्रभा, पुण्याची. मुलगा विक्रांत इथं आयर्लंडमधल्या शॅननला एका कारखान्यात इंजिनिअर आहे. हृदयात घालायच्या बारीक नळ्या बनतात तिथं, त्यामुळे घरी बसून काम करायची चैन त्याच्या नशिबात नाही. मागच्या मार्चमध्ये मी त्याच्याकडे तीन महिन्यांसाठी म्हणून आले आणि विमानंच बंद पडली. तीन महिन्यांचं वर्ष झालं. पुण्यातल्या घरी माझ्या कुंड्यांचं काय झालं असेल ते देवालाच ठाऊक.

सून निवेदिता, नागपूरची. यंदा फेब्रुवारीत तिला दुसरी मुलगी झाली, स्वानंदी. बाळंतपणाला तिची आई, विभावरीताई, येणार होत्या. तिकीट काढलेलं, बॅग भरलेली, आणि ऐन वेळी व्हिसे देणंच बंद झालं. त्यामुळे आई नागपुरात आणि सासू उशाशी, असं त्या पोरीचं बाळंतपण. मी काही वाईट सासू नाही हो. तेल लावते, शेक देते, वरणभात वेळेवर देते. पण बाळंतिणीला ज्या माणसाच्या मांडीवर डोकं टेकून रडता येतं, ते माणूस मी नव्हे, एवढं मला कळतं.

राहिली रेवा, थोरली नात. पाच वर्षांची, शाळेचं पहिलंच वर्ष. मराठी सगळं कळतं, पण उत्तर देणार इंग्रजीत, आणि तेही इथल्या हेलात. काही विचारा, 'इट्स ग्रँड, आजी!' म्हणून मोकळी. तिचं बोलणं मी मराठीतच सांगते, नाहीतर मलाच उचकी लागेल. बाळ आल्यापासून या पोरीच्या वाट्याला एकच वाक्य आलं होतं: "आत्ता नाही राणी, बाळ रडतंय." निवेदिताचा काही दोष नाही. टाके ओले, रात्रीची झोप नाही. पण रेवा मम्मीच्या शेजारी येऊन बसली की तिकडे बाळानं भोकाड पसरलंच म्हणून समजा. मग रेवा आपली गुपचूप उठायची आणि माझ्याकडे यायची. एकदा कणकेचा गोळा चिवडता चिवडता मला म्हणाली, "आजी, मम्मीला आता मी नको आहे का?" मी म्हटलं, "वेडी का खुळी तू?" आणि तिला पोटाशी धरलं. पण मला फार वाईट वाटलं.

मार्चच्या पहिल्या तारखेला लहान मुलांच्या शाळा उघडल्या आणि रेवाला जरा पालवी फुटली. त्यांच्या मिस हॅनरहन मोठ्या हौशी. वसंत आला म्हणून रोज नवीन काहीतरी. एक दिवस कोकराची गोष्ट, एक दिवस बरणीत बेडकाची अंडी. बी पेरलं की आधी मूळ येतं मग कोंब, हे रेवानं मला जमिनीवर गुडघ्यात डोकं घालून, मग हळूहळू उठून, करून दाखवलं. बाहेर गारा पडत होत्या, वाऱ्यानं डॅफोडिलं आडवी झाली होती, पण शाळेत वसंत म्हणजे वसंत.

आणि त्यातच इथला मदर्स डे, मार्चमधल्या एका रविवारी. बाईंनी ठरवलं, अंड्याच्या रिकाम्या कवचावर प्रत्येकानं आपल्या मम्मीचा चेहरा काढायचा, आत ओला कापूस ठेवायचा आणि त्यावर क्रेस नावाचं बी पेरायचं. रविवारपर्यंत मम्मीला हिरवेगार केस! रेवा घरी आली ती नाचतच. माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "सीक्रेट आहे. मम्मीला सांगायचं नाही. माझ्या मम्मीला सगळ्यांत लांब केस येणार. मग ती माझं बघत बसेल, खूप वेळ."

आणि दुसऱ्या दिवशी कार्टीचं नाक गळायला लागलं!

एरवी नाक गळालं तर पुसतो माणूस. पण हे वर्ष तसलं नव्हतं. नाक गळतंय म्हणजे घरी बसा, टेस्ट करा. टेस्ट चांगली आली, पण पेरायचा दिवस हुकला तो हुकलाच. बाईंनी बिचाऱ्यांनी फोनवर फोटो पाठवले आणि लिहिलं की घरीच करा, अगदी सोपं आहे. सोपं म्हणे. बी कुठून आणायचं? रोपवाटिका बंद. सुपरमार्केटात बियांच्या स्टँडला पट्टी गुंडाळून ठेवलेली, अत्यावश्यक नाही म्हणून. विक्रांत म्हणाला, "ऑनलाइन मागवलं तर इंग्लंडहून येईल, आणि हल्ली तिकडचं पार्सल कधी येईल ते सांगता येत नाही." रेवा जिन्याच्या पायरीवर बसून मुसमुसायला लागली.

मी म्हटलं, बघू तर खरं काय बी आहे ते. चष्मा लावला, बाईंनी पाठवलेला फोटो बोटांनी मोठा केला. तांबूस, बारीक, लांबट दाणे. "अगं बाई, हे तर अळीव!"

अळीव! बाळंतिणीला दूध यावं, कंबर भरून यावी म्हणून आपण ज्याचे लाडू करतो तेच. इथली पोरं ते कापसावर पेरून आईला देतात आणि आपण आईला खाऊ घालतो, एवढाच काय तो फरक. आणि आमच्या स्वयंपाकघरात त्याची भरलेली पिशवी! विभावरीताईंनी नागपूरहून पाठवलेल्या खोक्यात डिंक, खारीक, सुंठ आणि अळीव, सगळं होतं. डिंकाचे लाडू माझे करून झाले होते. अळिवाचे राहिले होते ते नारळापायी. आमच्या पद्धतीत अळीव नारळाच्या पाण्यात भिजवतात, मग ओलं खोबरं आणि गूळ. सुक्या खोबऱ्याच्या पाकीटबंद किसात वळलेल्या गोळ्याला मी लाडू म्हणत नाही. विक्रांत म्हणाला होता, शेजारच्या लिमरिक शहरातल्या दुकानात नारळ आले की आणतो. तोवर अळीव तसेच पडून होते.

"रेवा, डोळे पूस," मी म्हटलं. "बी घरात आहे."

आता अंडं. विक्रांत आणि निवेदिता अंडी खातात. माझी काही ना नाही, त्यांचा तवा वेगळा, माझा वेगळा. पण विक्रांत कारखान्यात, निवेदितापासून हे लपवायचं, मग अंडं फोडणार कोण? रेवा माझ्याकडे बघत होती. मी मोजे चढवले, मास्क बांधला, देवाकडे पाठ केली आणि चमच्यानं टोकावर टकटक केलं. पहिलं अंडं चिरडलं. "श्शी!" मी एवढ्यांदा ओरडले की वरून निवेदितानं विचारलं, "आई, काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही, हात पोळला!" रेवा तोंड दाबून हसत होती. दुसरं अंडं मात्र नीट उघडलं. आतलं वाटीत झाकून ठेवलं, कवच गरम पाण्यानं धुतलं. विक्रांतनं संध्याकाळी त्या वाटीचं ऑम्लेट केलं आणि माझ्याकडे असा बघायला लागला, जसं काही मी सिगारेट ओढताना सापडले.

रेवानं कवचावर मम्मी काढली. मोठ्ठे डोळे, लाल हसू, कपाळावर टिकली. टिकली मात्र खरी, निवेदिताच्या पाकिटातली. कापूस भिजवला, अळीव पेरले. मिस म्हणाल्या होत्या, आधी उबेत ठेवा. इथं वरच्या मजल्यावर गरम पाण्याच्या टाकीचं एक कपाट असतं, त्याला हॉट प्रेस म्हणतात. मी त्यात मटकीला मोड आणते, एका रात्रीत काम होतं. तिथं टॉवेलांच्या मागं आमची मम्मी ठेवली.

रोज शाळेतून आली की बूटसुद्धा न काढता रेवा हॉट प्रेसकडे धावायची. अळीव फुगले. बुळबुळीत झाले. बस्स, तेवढंच. मूळ नाही, कोंब नाही, काही नाही. मी म्हटलं, येतील. मग म्हटलं, थंडी आहे ना बाहेर. मग खिडकीत ठेवून पाहिलं, परत आत ठेवून पाहिलं. माझ्या मटकीला मोड आले, पण मम्मीच्या डोक्यावर काही उगवेना.

वर्गात खिडकीशी सगळ्यांच्या मम्म्या रांगेत, हिरव्यागार. "ईफाच्या मम्मीचे केस कापावे लागले," रेवानं सांगितलं. "आणि माझी मम्मी टकली आहे." मग तिचा चेहरा पडला. "आजी, मी काही चुकीचं केलं का? म्हणून तिला केस येत नाहीत का?"

"तू काही चुकीचं केलं नाहीस. हे अळीवच मेले खोडसाळ!" माझा संताप संताप झाला. पाच वर्षांच्या पोरीला दगा देतात म्हणजे काय! दुपारी ती शाळेत असताना मी फ्रिजमधली कोथिंबीर घेतली, कोवळे शेंडे खुडले आणि कापसात एकेक खोचत बसले. कसले झोकदार केस झाले! रेवा आली, तिनं वास घेतला आणि कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "आजी, ही कोथिंबीर आहे." संध्याकाळपर्यंत केसांनी माना टाकल्या. मी निमूटपणे ती कोथिंबीर आमटीत घातली.

पुन्हा नव्यानं पेरावं म्हणून मी अळिवाची पिशवी उघडली. इतके दिवस रेवाच्या सर्दीनं माझंही नाक बंद होतं, ते त्या दिवशी मोकळं झालं होतं. पिशवीतून वास आला तो खमंग. मी थबकले. चार दाणे दाताखाली टाकले. कुर्रकन् फुटले.

भाजलेले! अहो, भाजलेलं बी कसलं उगवतंय? सात जन्म हॉट प्रेसमध्ये ठेवलं तरी उगवायचं नाही.

मी तिथूनच नागपूरला व्हिडिओ कॉल लावला. रागातच होते. विभावरीताई पडद्यावर आल्या, चष्मा कपाळावर.

"विभावरीताई, अळीव भाजून पाठवलेत का?"

"हो, मंद आचेवर. का? जळके लागून राहिले का?"

"जळके नाहीत हो. पण उगवत नाहीत!"

"उगवायचे कशाला? काय करून राहिल्या तुम्ही तिकडे?"

मी सगळं सांगितलं. अंडं, मोजे, टकली मम्मी, कोथिंबीर. त्या इतक्या हसल्या की फोन हातातून पडला, मला नुसतं छत दिसायला लागलं. मग फोन उचलून डोळे पुसत म्हणाल्या, "अवो, मी म्हटलं, तिथं तुम्ही एकट्या. बाळंतीण बघा, बाळ बघा, रेवाची शाळा बघा. त्यात अजून अळीव निवडा, भाजा. तेवढं तरी इथून करून द्यावं. उन्हात बसून एकेक खडा काढला. माझ्या निवूच्या दाताखाली यायला नको." मग जरा थांबल्या. "माझ्या हातून तिचं बाळंतपण एवढंच झालं, प्रभाताई."

माझा राग कुठल्या कुठे गेला. मी म्हटलं, "फार छान भाजलेत हो." आणि ते खरंच होतं.

रेवाला समोर बसवून मी खरं काय ते सांगितलं. की हे बी उगवणार नाही, कारण नागपूरच्या आजीनं ते आधीच भाजून ठेवलंय, तिच्या मुलीला खायला सोपं जावं म्हणून.

"तिची मुलगी कोण?"

"कोण म्हणजे? तुझी मम्मी!"

रेवानं वर जिन्याकडे पाहिलं. मम्मीसुद्धा कुणाची तरी मुलगी आहे, हे तिच्या डोक्यात आजवर आलंच नव्हतं बहुधा. मग म्हणाली, "नागपूरच्या आजीनं मम्मीला गिफ्ट दिलं. आणि मी ते कापसात टाकून वाया घालवलं?"

"चमचाभर तर होतं. पिशवीभर अजून आहे."

"पण मग माझं गिफ्ट कुठाय?" तिनं विचारलं.

शनिवारी विक्रांत लिमरिकहून नारळ घेऊन आला. एक खवट निघाला, दोन चांगले. म्हटलं, लाडू तरी करू. भाजलेले अळीव नारळाच्या पाण्यात भिजवले. नागपूर आणि पुणं एकाच पातेल्यात. खोबरं, गूळ, जायफळ. मिश्रण गोळा होत आलं तशी रेवाला स्टुलावर उभं केलं. ती तुपाच्या हातानं लाडू वळत होती, पण मन नव्हतं. टकली मम्मी समोर ओट्यावर, टिकली लावून हसत होती.

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. मी चटकन् मम्मीवर एक रिकामं पातेलं पालथं घातलं. निवेदिता कोमट पाणी घ्यायला आली होती. डोळ्यांखाली काळं, खांद्यावर दुधाचा डाग, केस डोक्यावर कसेबसे गुंडाळलेले. बाळ झाल्यापासून तिला वेणी घालायला वेळ कुठला? वर एक गोळा बांधायचा आणि कामाला लागायचं. "छान वास येतोय, आई," म्हणाली. रेवाच्या गालावरून हात फिरवला, आणि वरून रडणं ऐकू आलं. "आलेच हं राणी." गेली.

ती गेली त्या दाराकडे रेवा बघत राहिली. मग हातातल्या लाडवाकडे. मग एकदम स्टुलावरून उडी मारली, पातेलं उचललं आणि तो इवलासा लाडू अंड्याच्या डोक्यावर ठेवला.

"आजी! मम्मीचे केस असेच असतात! मम्मीला बन असतो!"

मी बघतच राहिले. तपकिरी, तुपानं चकाकणारा, घट्ट अंबाडा. त्या अंड्यात अगदी निवेदिता होती हो, थेट निवेदिता. वर्गातल्या त्या हिरव्या केसांच्या मम्म्यांपैकी एकही आपल्या आईसारखी दिसत नसेल. मी पोरीची दृष्ट काढली, तिथल्या तिथे.

रविवारी सकाळी निवेदिता सोफ्यावर बसली होती, बाळ मांडीवर नुकतं झोपलेलं. रेवानं पालथ्या वाटीवर मम्मी ठेवून, जीभ बाहेर काढून, पाऊल पाऊल टाकत आणली. "हॅपी मदर्स डे. ही तू आहेस."

निवेदितानं बघितलं. आपला हात आपल्याच डोक्यावरच्या बुचड्याकडे नेला, आणि जी हसायला लागली! "अगं, हसवू नकोस, टाके दुखतात," म्हणत हसत होती. कितीतरी दिवसांनी असं हसू त्या घरात ऐकलं. "केस कशाचे केलेस गं?"

"खायचे आहेत. खा ना!"

तिनं अंबाडा उचलला, अर्धा तोंडात टाकला. आणि चावता चावता हसणं थांबलं.

"आई," ती मला म्हणाली, "हे अळीव भाजलेत."

"विभावरीताईंनी. स्वतः निवडून, भाजून."

"माझी आई अशीच भाजते," ती म्हणाली, आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी. इतके दिवस दाबून ठेवलेलं सगळं बाहेर आलं. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. रेवा घाबरली. "मम्मी, तुला तुझे केस आवडले नाहीत?"

"आवडले. खूप आवडले." निवेदितानं तिला जवळ ओढलं. "नागपूरची आजी आणि तू, दोघींनी मिळून केलेत ना हे? इकडे ये, मला नीट दाखव कसे केलेस ते."

रेवा सोफ्यावर चढली, मम्मीला टेकली, तोंड उघडलं. आणि स्वानंदीनं डोळे उघडून टाहो फोडला.

रेवानं तोंड मिटलं. कुणी काही म्हणायच्या आत ती आपली आपणच सोफ्यावरून खाली उतरायला लागली, रोजच्यासारखी.

निवेदितानं तिचा फ्रॉक पकडला. "कुठं निघालीस तू?" मग बाळाला उचलून माझ्याकडे केलं. "आई, हिला जरा घ्याल का? मी आत्ता रेवाची आहे."

मी बाळाला घेतलं. खांद्यावर टाकून स्वयंपाकघरात गेले, थोपटत उभी राहिले. बाहेर वारा पडला होता, डॅफोडिलं पुन्हा सरळ झाली होती. मागून रेवाची टकळी चालू होती. अंडं, निळे मोजे, आजीचं ओरडणं, कोथिंबीर, सगळं साग्रसंगीत. मध्येच ती किंचाळली, "मम्मी! तू तुझे सगळे केस खाल्लेस!"

"मग आता काय करायचं?"

"आजी!" हाक आली. "मम्मीला अजून केस पाहिजेत!"

डबा काठोकाठ भरलेला होता. मी बाळाला एका हातावर घेतलं आणि दुसऱ्या हातानं झाकण उघडलं.